ओल्या कापसातली अंडी

कबनूरच्या बाजारात मासे घ्यायला गेलं की पाटीवर बहुतेक वेळा कटला, रोहू, मृगल आणि चिलापी दिसतात. पहिले तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. चिलापी आफ्रिकेची. कबनूरला लागून इचलकरंजी आणि इचलकरंजीच्या पलीकडच्या अंगाने पंचगंगा. इतकी जवळ नदी असून ताटात येतो तो मासा तिचा नव्हे, तळ्यात आणि धरणात बीज सोडून वाढवलेला. त्यात वाईट काही नाही. स्वस्त, ताजं आणि पोटभर प्रथिन देणारं असं दुसरं अन्न गरीब घराला सहज मिळत नाही. पण हे मासे इथे आले कसे, आणि इथले गेले कुठे, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायला हवेत. कारण त्यांची उत्तरं एकाच पिढीच्या शास्त्रज्ञांच्या कामात सापडतात.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एक होतं आणि तिथून पंचगंगा म्हणवतं. कोल्हापूर, रुकडी, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असं वळत ते नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. या नदीचे स्वतःचे मासे म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर खडकाला चिकटून राहणारा मळ्या, खालच्या डोहांत वाम, मरळ, शिंगाळा, आणि या सगळ्यांचा राजा म्हणावा असा मोठ्या खवल्यांचा महसीर. भोई लोकांत ठिकाणपरत्वे त्याला खडशी किंवा म्हसाळा म्हणतात. 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढच्या काही वर्षांत, 1956 साली, ए. जी. कलावर आणि सी. एन. केळकर यांनी ‘कोल्हापूरचे मासे’ या विषयावरचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. आज पंचगंगेत काय उरलं हे ठरवायचं तर ती यादी समोर ठेवावीच लागते. यंत्रमागांनी इचलकरंजीचा परिसर पुरता व्यापण्याआधीची ती नोंद आहे.

अशी मोजदाद करण्याची शिस्त मुंबई इलाख्यात ज्यांनी रुजवली, त्यांत डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे नाव फार महत्त्वाचं. पुढे ते महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. मराठी वाचकाला हे नाव जवळजवळ माहीत नाही, याची खंत वाटते. नवी प्रजाती शोधणं, नदीत तिचं प्रजनन पाहणं आणि मग हाताने तिची पैदास करणं, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्याची उदाहरणं आपल्याकडे मोजकीच आहेत.

त्यांचं पहिलं मोठं काम तीन सेंटिमीटरही न भरणाऱ्या माशावर आहे. किनारपट्टीच्या खाड्यांत, मचूळ आणि गोड्या पाण्यात हा मासा थव्याने फिरतो. अंग इतकं पारदर्शक, की पाण्यात आधी डोळे दिसतात आणि मग मासा. कुलकर्णींनी 1940 साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात त्याच्यावर चाळीसहून अधिक पानांचा प्रबंध लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘होराइक्थिस सेटनाय’. पहिला शब्द भारतातले थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्यासाठी, दुसरा मुंबईच्या मत्स्यखात्याचे प्रमुख डॉ. एस. बी. सेटना यांच्यासाठी.

एवढ्याशा माशावर एवढी पानं का, हे त्याची शरीररचना पाहिली की कळतं. नराच्या पोटाखालच्या मागच्या पराचे पुढचे काटे लांबून, वळून, टोकाला आकड्यांसारखे होऊन एक अवयव तयार होतो. त्या अवयवाने नर शुक्राणूंची बांधलेली पुडी मादीच्या जननछिद्राजवळ रोवतो. पुडीचं टोक काटेरी असतं, त्यामुळे ती कातडीत अडकून बसते. मादीच्या बाजूनेही शरीर बदललं आहे. तिला उजवीकडचा श्रोणिपर नसतो. बहुतेक माशांत नर-मादी पाण्यात अंडी आणि शुक्राणू सोडून मोकळे होतात. इथे मिलन अंगाशी होतं, तरी मादी पिल्लं देत नाही, फलित अंडी घालते. ही मधली अवस्था कुलकर्णींनी सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने पाहिली आणि या माशासाठी वेगळं कुळ मांडलं. ते कुळ पुढे टिकलं नाही. 2008 साली लिन पेरेंटी यांनी केलेल्या फेरमांडणीत तो ‘ओरायझियास’ या प्रजातिसमूहात गेला. जपानी प्रयोगशाळांमधला लाडका मेडाका मासा त्याच समूहातला. पण ‘सेटनाय’ हे नाव आणि त्यापुढचं ‘कुलकर्णी, 1940’ हे कायम आहे. वर्गीकरण बदलतं, नीट पाहिलेलं बदलत नाही.

त्यानंतर त्यांनी नर्मदेतल्या हिलशाच्या प्रजननावर, अंड्यांवर आणि पिल्लांच्या वाढीवर काम केलं. 1950 साली ते प्रसिद्ध झालं. तेव्हा नर्मदेकाठचं भडोच मुंबई राज्यातच होतं. समुद्रातून नदीत वर चढणारा हा मासा कुठे, कधी, कसल्या पाण्यात अंडी घालतो हे आधी समजून घ्यायचं, आणि मग त्याचं बीज हाती येईल का ते पाहायचं, हा क्रम त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

हा क्रम का लागतो, याचं कारण भारतातल्या मत्स्यशेतीच्या मुळाशी आहे. रोहू, कटला, मृगल तळ्यात उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं चढतं, वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी पावसाळ्यात गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांवर बारीक जाळी लावून पिल्लं गोळा करायची आणि ती हंड्यांतून देशभर न्यायची अशी पद्धत होती. त्या हंड्यात रोहूबरोबर काय काय आलं हे पिल्लं मोठी झाल्यावरच कळायचं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिकेचा अर्क टोचून या जातीच्या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

त्या टोचणीची रीत ऐकायला सोपी आहे. पक्व माशाचं डोकं उघडून मेंदूच्या खालची लहानशी ग्रंथी काढायची, निर्जल अल्कोहोलमध्ये ठेवायची, वेळ आली की वाटून पाण्यात अर्क करायचा, आणि वजनाच्या हिशेबाने मादीला साधारण दोनदा आणि नराला एकदा द्यायचा. काही तासांत मादी अंडी सोडते. पुराची जी चाहूल माशाला नदीत मिळते, ती इथे सुईतून मिळते. कोल्हापूरच्या तळ्यांत रोहू-कटला भरपूर झाले त्याची सुरुवात ही.

महसीर मात्र या यशाच्या बाहेर राहिला. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातल्या महसीराची शास्त्रीय नोंद आपल्याच पुण्याजवळची. विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिताना, 1839 साली, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशाला ‘खुद्री’ हे इथल्या लोकांच्या तोंडचं नाव दिलं. आज तो ‘टॉर खुद्री’. होरांनी पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात महसीरांवर लेखमाला लिहिली. पण इंग्रज अमलातली बहुतेक वर्णनं गळाच्या शिकारीची. किती पौंडांचा सापडला, किती वेळ झुंजला. तो अंडी कुठे घालतो, हे नीट कुणाला माहीत नव्हतं.

ते कुलकर्णींनी पाहिलं. 1970 साली त्यांनी दख्खनी महसीराच्या प्रजननाच्या सवयी, अंडी आणि पिल्लांच्या सुरुवातीच्या वाढीवर लिहिलं. ठिकाण लोणावळ्याचा परिसर. टाटांनी विजेसाठी बांधलेले वळवण, शिरवटा, लोणावळा, ठोकरवाडी, मुळशी हे जलाशय सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आहेत. धरणांनी नद्या अडवल्या, पण पावसाळ्यात डोंगरांवरून या तलावांत उतरणारे ओढे जिवंत राहिले. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस झाला की मोठे महसीर तलावातून त्या ओढ्यांच्या मुखाशी येतात, गोट्यांच्या उथळ पाण्यात चढतात आणि तिथे अंडी टाकतात. माशांच्या या येण्याचा नेम धरला, तर पिकलेली मादी हाती लागू शकते. सगळं पुढचं काम त्या एका निरीक्षणावर उभं आहे.

लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी हे काम पद्धतशीर सुरू केलं. पावसात भिजत जाळं ओढायचं. मादी सापडली की तिच्या पोटावरून बोटं हलकेच खाली आणायची. पिकलेली असेल तर सोनेरी-पिवळी अंडी धारेने पसरट भांड्यात पडतात. त्यावर नराचं दूध, म्हणजे वीर्य, पिळायचं, पिसाने सावकाश ढवळायचं, आणि मगच पाणी घालायचं. पाणी आधी पडलं तर शुक्राणू फार थोडा वेळ हालतात आणि बरीच अंडी वाया जातात.

इथून रोहू आणि महसीर यांच्या वाटा वेगळ्या होतात. रोहूची मादी लाखोंनी अंडी देते. अंडी पाण्याने फुगतात, वाहत्या पाण्यात तरंगत राहतात आणि दिवसभराच्या आत फुटतात. महसीराची अंडी हजारांतच, जड, तळाशी बसणारी, आणि त्यांना फुटायला अडीच-तीन दिवसही लागतात. म्हणून रोहूसाठी वापरतात तसे गोल फिरत्या पाण्याचे हौद इथे उपयोगाचे नाहीत. उथळ ताटल्यांत एक थर अंडी मांडायची आणि वरून स्वच्छ पाणी सतत सोडायचं. मेलेलं अंडं पांढरं पडतं आणि त्यावर बुरशी चढली की शेजारची धरते, म्हणून ती एकेक उचलून टाकावी लागतात. पिल्लं बाहेर आली तरी ती पोहत नाहीत. पोटाला पिवळ्या बलकाची जड पिशवी असते. उजेड टाळून, कोपऱ्यात एकमेकांवर डोकी खुपसून ती पाच-सहा दिवस पडून राहतात. नदीत याच दिवसांत ती गोट्यांच्या फटींत असतात. ज्याने नदीत हे पाहिलं नाही, तो केंद्रात पिल्लं मेली समजून फेकून देईल.

हीच संथ वाढ कामाला आली. अंडं फुटायला इतके दिवस घेतं, तर तेवढ्या वेळात ते पाठवता येईल. पिशवीतल्या पाण्यातून पिल्लं न्यायची म्हणजे प्राणवायू भरायचा, वजन वाहायचं आणि वाटेत मर सोसायची. कुलकर्णी आणि ओगले यांनी फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून विमानाने पाठवली. पोहोचल्यावर ती पाण्यात सोडली आणि पिल्लं निघाली. 1979 साली ‘ॲक्वाकल्चर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याची जेमतेम दोन पानांची टिपणी आली. मत्स्यशास्त्रात एवढं कमी लिहून एवढा उपयोग झाल्याची उदाहरणं थोडी असतील. कापूस ओला राहतो पण वाहत नाही, अंड्याला दमटपणा मिळतो, थरांतली हवाही मिळते, आणि खोका हलका होतो. 1980 च्या दशकात त्यांनी तळ्यातच वाढवलेल्या महसीरांपासून टोचणी देऊन बीज मिळवलं. म्हणजे जंगली मादीच्या भरवशावर बसण्याची गरज उरली नाही. लोणावळ्याचं बीज अनेक राज्यांत गेलं. ओगल्यांनी पुढे या सगळ्या कामाचा आढावा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ग्रंथात घेतला.

पन्नास वर्षांनी त्याचं फळ दिसलं. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत टॉर खुद्री संकटग्रस्त होता, तो अलीकडच्या आढाव्यात ‘किमान चिंता’ या वर्गात आला. ही साधी गोष्ट नाही. या कामाचा अभिमान वाटावा, आणि तो वाटतोच.

पण याच कामाची दुसरी बाजू कावेरीत आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. 1970 च्या दशकापासून लोणावळ्याचा महसीर कावेरीतही सोडला गेला. गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या संघटनांना तिथे महसीर वाढवायचा होता, हेतू चांगला होता. तोवर देशातले महसीर नेमके किती प्रकारचे, हे कुणी पुरतं सोडवलेलं नव्हतं. कावेरीत मात्र स्वतःचा महसीर होता, पाठीला उंच कुबड असलेला, जगातला सर्वांत मोठा म्हणावा असा. 1946 साली काबिनीत 120 पौंडांचा पकडल्याची नोंद आहे. गालिबोरच्या मासेमारी छावणीत 1998 ते 2012 या काळात पकडून परत सोडलेल्या माशांच्या वह्या ठेवल्या होत्या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी त्या वह्या अभ्यासल्या, तेव्हा निळ्या परांचा बाहेरून आलेला महसीर वाढत गेला आणि कुबडाचा घटत गेला, हे स्पष्ट दिसलं. 2018 साली त्याच गटाने, नीलेश डहाणूकर यांच्यासह, हा कुबडाचा मासा ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं सिद्ध केलं. केरळातल्या पांबार नदीतून, म्हणजे कावेरीच्याच एका उपनदीतून, 2011 साली या नावाने त्याचं वर्णन झालं होतं. ओळख पटली त्याच वर्षी लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने मासेमारी हीही कारणं आहेत. तरी एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडण्याची किंमत तिथे दिसते.

याचा दोष कुलकर्णींच्या डोक्यावर मारणं अन्यायाचं ठरेल. त्यांच्या काळात उपलब्ध ज्ञान जेवढं होतं, त्यावर ते उभे होते. उलट त्यांचीच सुरुवातीची पद्धत, म्हणजे मासा नीट ओळखा, मग त्याला हात लावा, कावेरीत पाळली गेली नाही. डहाणूकर, रूपेश राऊत आणि अनुराधा भट यांनी 2004 साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचा आढावा घेतला, तेव्हा 288 जाती मोजल्या. त्यांतल्या 118 फक्त इथल्या, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. असा ठेवा असलेल्या प्रदेशात ‘मासे सोडणं’ हे पुण्यकर्म म्हणून बघून चालत नाही. कुठला, कुठून आणलेला, आणि तिथे आधी कोण राहतं, हे विचारूनच बीज पाण्यात गेलं पाहिजे.

आता पुन्हा पंचगंगेकडे. लोणावळ्याचं पाणी इंद्रायणीतून भीमेत आणि पुढे कृष्णेत जातं. पंचगंगाही कृष्णेची. म्हणजे इथे दख्खनी महसीर परका नाही. मग पंचगंगेत त्याचं बीज सोडावं का? कबनूर-इचलकरंजीच्या टप्प्यात आज याचं उत्तर ‘नको’ असंच द्यावं लागतं, आणि ते प्राणवायूमुळे.

शहरांचं सांडपाणी, कापड रंगाई आणि प्रक्रियेचं पाणी, साखर कारखाने आणि आसवन्यांचं पाणी, हे सगळं ओढ्यांतून नदीत उतरतं. इचलकरंजीचा काळा ओढा तर नावासकट सगळ्यांच्या माहितीचा. सेंद्रिय घाण कुजते तेव्हा जीवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. तीस अंश तापमानाला स्वच्छ पाण्यातही लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे मासे वाढायला किमान 4 लागतो. म्हणजे नदीजवळ खर्चायला शिल्लक फारच थोडी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि उन्हाळाभर पाणी थांबतं. जलपर्णी वाढते, तळाशी गाळ साचतो. पहिल्या वळवाने किंवा बरगे काढताना तो गाळ उसळतो, आणि मग तेरवाड-शिरोळच्या बाजूला मेलेल्या माशांचा खच लागतो. दरवर्षी वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा हे पाणी माणसालाही सोडत नाही हे शहराने सोसलं.

बंधाऱ्यांची एक बाजू मात्र माशांच्या फायद्याची आहे. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, त्यामुळे पुरात वर चढणाऱ्या माशाला वाट मोकळी असते. सिमेंटची पक्की भिंत हे देत नाही. भोगावती, कासारी, कुंभीच्या वरच्या अंगाला अजून स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ आहे. नदीचा मधला टप्पा श्वास घेऊ लागला, तर खालचा मासा वर जाण्याची शक्यता शाबूत आहे. म्हणून मासे कुठून आणायचे हा प्रश्न आधी नाही, पाणी कसं सुधारायचं हा आहे. महाडजवळ काळ नदीत वाळण कोंडाच्या डोहात देवीचे म्हणून महसीर पिढ्यानपिढ्या राखले आहेत. लोकांनी ठरवलं तर डोह राखता येतो, हे तिथे दिसतं. पण त्या डोहाच्या वर रंगाईचं पाणी येत नाही, हेही खरं.

मोजणीपासून सुरुवात कबनूरच्या शाळा-महाविद्यालयांतली मुलंही करू शकतात. 1888 साली विंकलरने दिलेली पद्धत आजही प्राणीशास्त्राच्या प्रात्यक्षिकात शिकवतात. काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न येऊ देता नदीच्या पाण्याने भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पुढे आम्ल घालून अनुमापन केलं की नेमका आकडा मिळतो. नमुना पहाटे घ्यायचा, कारण रात्रभर शेवाळ आणि जलपर्णीही श्वास घेतात आणि सूर्य उगवायच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. काळ्या ओढ्याच्या तोंडाच्या वर एक, खाली एक, आणि तेरवाड बंधाऱ्यावर एक, अशा तीन जागा ठरवून वर्षभर आकडे ठेवले, आणि त्याच दिवशी भोयांच्या जाळ्यात काय आलं ते लिहिलं, तर कलावर-केळकरांच्या 1956 च्या यादीशेजारी ठेवायला एक नवी यादी तयार होईल. दर पंधरवड्याला एक नमुना पुरे, पण एप्रिल-मे आणि पहिल्या पावसाचा आठवडा चुकवू नये.